टॅब कुणी सांभाळायचे, ब्राउझरने की विंडो मॅनेजरने?

प्रश्न थोडक्यात असा. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल निर्यात करणाऱ्या कारखान्यात एक ताई ऑर्डर फॉलोअपचं काम करतात. लॅपटॉप ८ जीबी रॅमचा, पडदा १३६६ बाय ७६८. भावाने त्यावर लिनक्स आणि आय-थ्री हा टाइलिंग विंडो मॅनेजर (विंडो एकावर एक न ठेवता शेजारी-शेजारी मांडणारा प्रोग्राम) बसवून दिला, त्याला महिना झाला. त्यात क्रमांक दिलेले वेगवेगळे आभासी पडदे असतात, त्यांना वर्कस्पेस म्हणतात. त्या लिहितात, "फायरफॉक्सच्या ७ विंडो आहेत आणि सगळे मिळून १२० च्या वर टॅब. आधी एकावर एक पडलेल्या विंडोंत पान शोधायचे, आता वर्कस्पेस बदलत शोधते. कंटेनर ट्रॅकिंगचं पान सापडत नाही म्हणून नवीन उघडते, आणि दुपारपर्यंत तेच पान चार ठिकाणी उघडं असतं. एकाने सांगितलं की टॅब वापरणंच सोडा, प्रत्येक पान वेगळ्या विंडोत उघडा, टाइलिंगचा खरा उपयोग तोच. तसं करू का?"

ताई, तसं करू नका. तो सल्ला चुकीचा आहे असं मी म्हणणार नाही, काही जणांना तो अगदी फिट बसतो आणि त्यांच्याबद्दल पुढे लिहितो. पण तुमच्या पडद्याला आणि तुमच्या कामाला तो झेपणार नाही. मी सोलापुरात १४ वर्षं कारखान्यांच्या आणि सीए ऑफिसांच्या संगणकांचं काम बघतो, त्यातली ११ वर्षं स्वतःचं रोजचं काम आय-थ्रीवर करतो. तुमच्यासारखाच पसारा माझ्याकडेही होता, आणि तो आवरायला मला जवळजवळ दोन वर्षं लागली. तुम्हाला आठवडा पुरावा म्हणून सविस्तर लिहितोय.

सगळ्यात आधी एक गोष्ट पक्की लक्षात घ्या, बाकीचं सगळं तिच्यावर उभं आहे. विंडो मॅनेजरला टॅब दिसत नाहीत. आय-थ्री असो, की स्वे, डीडब्ल्यूएम असे त्याच जातीचे दुसरे असोत, त्याला दिसते ती फायरफॉक्सची एक विंडो आणि त्या विंडोचं शीर्षक. शीर्षक म्हणजे त्या क्षणी वर असलेल्या टॅबचं नाव. आतमध्ये ३० टॅब आहेत की ३, हे त्याला कळायला काही मार्गच नाही. त्यामुळे तुम्ही टाइलिंग घेतलं तेव्हा ७ विंडो नीट मांडल्या गेल्या, पण १२० पानं होती तशीच ७ गाठोड्यांत राहिली. तुम्ही शोधताय पान, आणि तुमच्या हातात आहे गाठोडी हलवायचं यंत्र.

म्हणून "टॅब सोडा" म्हणणाऱ्याचं तर्कशास्त्र असं असतं की प्रत्येक पानाला स्वतंत्र विंडो दिली की ते विंडो मॅनेजरला दिसेल, मग मांडणं, हलवणं, शोधणं सगळं एकाच यंत्रणेत येईल. हे खरं आहे. क्यूट-ब्राउझर नावाचा, पूर्ण कीबोर्डवर चालणारा ब्राउझर आहे, फ्लोरियान ब्रुहिन यांनी सुरू केलेला. त्यात तर टॅबला विंडोच समजायची अशी सेटिंग तयार दिलेली आहे. ती चालू केली आणि टॅबची पट्टी लपवली की प्रत्येक लिंक आय-थ्रीच्या नव्या विंडोत उघडते. सकलेस नावाच्या, अगदी साधे-छोटे प्रोग्राम लिहिणाऱ्या मंडळींचा सर्फ हा ब्राउझर त्याही पुढचा, त्यात टॅब हा प्रकारच नाही. हे वापरणारे माझ्या ओळखीचे दोघे आहेत. दोघेही प्रोग्रामर, दोघांकडे मोठे मॉनिटर, आणि एका वेळी त्यांची १०-१५ पानं उघडी असतात. १२० नाही. त्यांच्याकडे ही पद्धत चालते, कारण पानं मुळातच कमी आहेत.

तुमच्याकडे ४० विंडो झाल्या की काय होईल ते सांगतो. आय-थ्री नवी विंडो आहे त्या वर्कस्पेसवरच, समोरच्या विंडोच्या शेजारी लावतो. १३६६ चे दोन भाग केले की प्रत्येकी ६८३ पिक्सेल. इतक्या रुंदीत बऱ्याच साइट मोबाइलचं रूप घेतात, आणि ज्या घेत नाहीत त्यांचे रुंद तक्ते आडवे सरकवत बसावे लागतात. तिसरी विंडो आली की कुणालाच वाचण्याजोगी जागा उरत नाही. मग तुम्ही वैतागून टॅब्ड लेआउट लावाल, म्हणजे मॉड (आय-थ्रीची मुख्य कळ, सहसा विंडोज किंवा ऑल्ट) आणि डब्ल्यू. झालं, आय-थ्रीच्या टॅबची पट्टी वर आणि तिच्याखाली फायरफॉक्सची रिकामी पट्टी. फिरून टॅबपाशीच येणार, फक्त हे टॅब फायरफॉक्सच्या टॅबइतके हुशार नसतील. फायरफॉक्सचा टॅब गरज नसेल तेव्हा झोपवता येतो, चुकून बंद केलेला कंट्रोल-शिफ्ट-टी ने परत येतो, पिन करता येतो. ही सगळी सोय सोडून द्यायला तुमच्याकडे काही कारण नाही.

तुमचं काम टॉवेलचं, म्हणून तुमच्याच कारखान्यातलं सांगतो. आमच्या घरी भवानी पेठेत चार यंत्रमाग होते, वडील त्यावर बसायचे. टेरी टॉवेलच्या मागावर दोन बीम असतात हे तुम्ही रोज बघता. ग्राउंड बीम ताणलेला, तो कापडाला धरून ठेवतो. पाइल बीम सैल, त्याच्या सुताचे लूप होतात आणि तोच भराभर संपतो. दोन्ही बीम एका ताणाने चालवले तर टॉवेलच होणार नाही. तुमच्या १२० टॅबमध्ये हे दोन प्रकार एकत्र गुंतलेत. मेल, शिपिंग लाइनचं ट्रॅकिंग, खरेदीदाराचं पोर्टल, जीएसटी, ई-वे बिल, पॅकिंग लिस्टची शीट ही ग्राउंडची पानं. ही आठ-दहाच असतील आणि वर्षभर तीच राहतील. बाकी शंभर पाइलची: एखाद्या ऑर्डरपुरती उघडलेली, कुठल्यातरी रंगाच्या भावाची, "नंतर वाचू" म्हणून ठेवलेली. पहिल्या प्रकाराला कायमची जागा हवी. दुसऱ्याला जागा देऊच नका, त्याला फक्त संपायची वाट हवी.

आता प्रत्यक्ष मांडणी. एक काम, एक वर्कस्पेस, त्यावर फायरफॉक्सची एकच विंडो, आणि त्या विंडोत त्याच कामाचे टॅब. तुमच्यासाठी मी असं लावेन: १ वर मेल, २ वर चालू ऑर्डर, ३ वर जहाज आणि कंटेनर, ४ वर जीएसटी आणि बिलं, ५ वर शीट आणि कागदपत्रं. ९ वर इतर काहीही. सहा झाले, सातवं नको. प्रत्येक विंडोतली ग्राउंडची पानं पिन करा. ट्रॅकिंगचं पान कायम ३ वर डावीकडून पहिलं. ते शोधायचं नाही, मॉड-३ दाबायचं आणि ते तिथे असतं. वडील चार माग सांभाळायचे तेव्हा माग कधी जागेवरून हलले नाहीत, वडील हलायचे. कुठला माग कुठे हे त्यांच्या पायांना माहीत होतं. बोटांना तशी सवय लागायला मला तीन आठवडे लागले होते. त्या तीन आठवड्यांत वर्कस्पेसचे क्रमांक अजिबात बदलू नका, कितीही मोह झाला तरी.

फायरफॉक्स स्वतः कुठल्या विंडोला वर्कस्पेस ३ वर जायचंय हे आय-थ्रीला सांगत नाही. सगळ्या विंडोंचा क्लास, म्हणजे प्रोग्रामची ओळख सांगणारं नाव, एकच, फायरफॉक्स. नवीन लोक कॉन्फिगमध्ये, म्हणजे आय-थ्रीच्या सेटिंगच्या फाइलमध्ये, असाइनचा नियम लिहितात, "फायरफॉक्स वर्कस्पेस २ वर", आणि सगळ्याच विंडो तिथे जाऊन पडतात. यावर दोन उपाय आहेत.

पहिला सोपा आणि मी रोज वापरतो तो. विंडोला नाव द्यायचं. फायरफॉक्समध्ये विंडो टायटलर नावाचं एक्स्टेंशन आहे, ते शीर्षकाच्या आधी तुम्ही दिलेला शब्द जोडतं. ३ वरच्या विंडोला "जहाज" नाव द्या. मग आय-थ्रीच्या कॉन्फिगमध्ये फॉर-विंडो हा नियम लिहा: ज्या विंडोचं शीर्षक "जहाज" या शब्दाने सुरू होतं ती वर्कस्पेस ३ वर हलव. इथे असाइन चालणार नाही हे ध्यानात ठेवा. असाइन विंडो जन्मते त्या क्षणी एकदाच बघतो, आणि त्या क्षणी तुमचं दिलेलं नाव शीर्षकात आलेलं नसतं. फॉर-विंडो शीर्षक बदललं की पुन्हा तपासतो, म्हणून क्षणभराने नाव लागलं की विंडो आपोआप जागेवर जाते. एकदा नियम लागला की तो त्या विंडोला परत लागत नाही, म्हणजे तुम्ही मुद्दाम ती विंडो दुसरीकडे नेलीत तर आय-थ्री ओढून परत आणत नाही. या एका फरकावर मी कधीकाळी दोन रात्री घालवल्या आहेत, तुमच्या वाचाव्यात.

दुसरा उपाय वेगळ्या प्रोफाइलचा. फायरफॉक्स सुरू करताना प्रोफाइलचं नाव आणि सोबत क्लासचं वेगळं नाव देता येतं. मग आय-थ्रीला ती चक्क वेगळी वस्तू वाटते आणि असाइन नीट चालतो. पण प्रत्येक प्रोफाइल म्हणजे वेगळा चालू फायरफॉक्स, वेगळी मेमरी, वेगळे पासवर्ड. ८ जीबीवर दोनपेक्षा जास्त प्रोफाइल नकोत. तुमच्या मालकांच्या दोन फर्म असतील आणि दोन्हींचं जीएसटी लॉगिन एकाच वेळी लागत असेल, तर त्यासाठी प्रोफाइलची गरज नाही. मोझिलाचंच मल्टि-अकाउंट कंटेनर्स हे एक्स्टेंशन घ्या. एका फर्मचा टॅब निळ्या कंटेनरमध्ये, दुसऱ्याचा नारिंगीत. कुकी वेगळ्या राहतात, एकात लॉगिन केलं की दुसरं बाहेर पडत नाही, आणि रंगावरून कळतं की आपण कुणाचं रिटर्न भरतोय. हे शेवटचं मला सर्वांत मोलाचं वाटतं.

चार ठिकाणी तेच पान उघडं असण्याचा प्रश्न. फायरफॉक्सच्या पत्त्याच्या पट्टीत आधी टक्क्याचं चिन्ह, मग एक जागा सोडून शब्द टाइप केला तर तो फक्त उघड्या टॅबमध्ये शोधतो, सगळ्या विंडोंमधल्या. चिन्ह न टाकताही, पान आधीच उघडं असेल तर यादीत "टॅबवर जा" असं दिसतं. तुम्ही ते कदाचित एकदा वापरून सोडून दिलं असेल, कारण आय-थ्रीवर ते निवडलं की काहीच झालं नाही असं वाटतं. झालेलं असतं. फायरफॉक्स दुसऱ्या वर्कस्पेसवरच्या त्या विंडोला पुढे यायला सांगतो, पण आय-थ्री मुळात अशा विनंतीवर तुम्हाला उचलून दुसरीकडे नेत नाही. तो फक्त खालच्या पट्टीत त्या वर्कस्पेसचा आकडा लाल करतो. तो लाल आकडा म्हणजे तुमचं हरवलेलं ट्रॅकिंगचं पान. मागांच्या खडखडाटात एक माग थांबला की जुन्या विणकराला तो न बघताही कळतो, तशी त्या लाल आकड्याकडे नजर जायची सवय लावा.

याला कॉन्फिगमध्ये दोन इलाज आहेत. फोकस-ऑन-विंडो-अ‍ॅक्टिव्हेशन ही सेटिंग "फोकस" केली तर तुम्ही थेट त्या विंडोवर पोहोचता. पण मग दुसरा कुठलाही प्रोग्रामही मध्येच उडी मारून समोर येऊ शकतो, आणि तुम्ही इन्व्हॉइसचा आकडा टाइप करताना अर्धा आकडा चॅटमध्ये जातो. मी ती सेटिंग आहे तशी ठेवतो आणि मॉड-एक्स या जोडीला "सर्वांत अलीकडच्या लाल विंडोवर जा" ही आज्ञा बांधतो. आय-थ्रीच्या भाषेत ती अर्जंट इक्वल्स लेटेस्ट, मग फोकस. टक्का, दोन अक्षरं, एंटर, मॉड-एक्स. हात कीबोर्डवरून न उचलता पान समोर.

याच रांगेतला आणखी एक त्रास, जो तुम्ही लिहिला नाही पण तुम्हाला होत असणार. पीडीएफमधल्या किंवा चॅटमधल्या लिंकवर क्लिक केलं की ती फायरफॉक्सच्या शेवटच्या वापरलेल्या विंडोत उघडते, मग ती कुठल्याही वर्कस्पेसवर असो. तुम्ही ५ वर, आणि पान उघडलं ४ वर, जीएसटीच्या टॅबमध्ये मिसळून. पसारा असाच वाढतो, आपण काही न करता. फायरफॉक्सच्या अबाउट-कॉन्फिग पानात जाऊन ओपन-न्यू-विंडो असं शोधा, त्यात शेवटी ओव्हरराइड-एक्स्टर्नल असलेली एक नोंद सापडेल. तिची किंमत उणे एक असते, ती २ करा. आता बाहेरून आलेली प्रत्येक लिंक तुम्ही जिथे आहात तिथेच, नव्या विंडोत उघडते. बघायची, मॉड-शिफ्ट-क्यू ने बंद करायची. ही एकच जागा आहे जिथे "प्रत्येक पान वेगळी विंडो" हा सल्ला मी तुम्हाला मनापासून देईन. आलेला पाहुणा पटकन बघून निरोप देण्याजोगा असतो, त्याला घरातल्या कपाटात ठेवायची गरज नाही.

मात्र मॉड-शिफ्ट-क्यू जपून. ती टॅब बंद करत नाही, पूर्ण विंडो बंद करते, आतल्या सगळ्या टॅबसकट. टॅबसाठी कंट्रोल-डब्ल्यू. फायरफॉक्सच्या सेटिंगमध्ये "अनेक टॅब बंद करण्याआधी विचारा" हा पर्याय चालू करा, आजच. २०१६ साली एका सीए ऑफिसात सप्टेंबरच्या ऑडिटच्या गर्दीत मी संध्याकाळी घरी निघताना आठ विंडो एकेक करून बंद केल्या. सकाळी मागचं सत्र उघडलं तर एकच विंडो आली, शेवटी बंद केलेली. बाकीच्या सात माझ्या दृष्टीने होत्या, फायरफॉक्सच्या दृष्टीने मी त्या मुद्दाम बंद केल्या होत्या. काम संपवताना कंट्रोल-क्यू, म्हणजे सगळा फायरफॉक्स एकदम बंद होतो आणि सगळ्या विंडो सत्रात जपल्या जातात. चुकून एखादी विंडो गेलीच तर लगेच कंट्रोल-शिफ्ट-एन.

वीज अचानक गेली तर उलट फार घाबरायचं कारण नाही. फायरफॉक्स दर १५ सेकंदांनी सत्राची नोंद डिस्कवर लिहितो. प्रोफाइलच्या फोल्डरमध्ये सेशनस्टोअर-बॅकअप्स नावाचा उपफोल्डर असतो, त्यात रिकव्हरी आणि प्रीव्हियस नावाच्या फाइली असतात. पडद्यावर काहीच परत आलं नाही तर नवीन काही उघडण्याआधी तो फोल्डर कॉपी करून ठेवा, मग पुढचं बघू. आणि सेटिंगमध्ये "मागच्या विंडो आणि टॅब उघडा" चालू ठेवा. सत्र परत येतं तेव्हा सगळी पानं लगेच लोड होत नाहीत, ज्यावर जाल तेच लोड होतं. त्यामुळे सकाळी ८ जीबीचा लॅपटॉप गुदमरत नाही.

मेमरीबद्दल थोडक्यात. शिफ्ट-एस्केप दाबलं की फायरफॉक्सचं प्रोसेसेसचं पान उघडतं, कुठला टॅब किती खातोय ते दिसतं. अबाउट-अनलोड्स या पानावर गेलात तर टॅब हाताने झोपवता येतात. टॅब पट्टीत राहतो, मेमरी मोकळी होते, परत गेलं की पान नव्याने येतं. अर्धा भरलेला फॉर्म असलेला टॅब झोपवू नका.

आता लहान पडद्याचं. ६८३ पिक्सेलचं गणित वर केलंच आहे. तुमच्या लॅपटॉपवर शेजारी-शेजारी मांडणी फक्त एका कामासाठी ठेवा: ताळा करताना. इन्व्हॉइस डावीकडे, शीट उजवीकडे, दोन्हीकडे कंट्रोल-वजा दोनदा दाबून अक्षर लहान. ते झालं की परत मॉड-डब्ल्यू. आय-थ्रीच्या कॉन्फिगमध्ये वर्कस्पेस-लेआउट टॅब्ड अशी ओळ घातली की प्रत्येक वर्कस्पेस सुरुवातीपासून तशीच उघडते, प्रत्येक विंडोला पूर्ण रुंदी मिळते. वर एक पट्टी जास्त दिसेल, पण एका वर्कस्पेसवर फायरफॉक्सची एकच विंडो ठेवायची असल्याने गोंधळ होणार नाही. आय-थ्रीचे टॅब म्हणजे वेगवेगळे प्रोग्राम, फायरफॉक्सचे टॅब म्हणजे एका कामाची पानं. फायरफॉक्सचे टॅब उभे, डाव्या बाजूला लावायची सोय २०२५ च्या मार्चपासून आवृत्ती १३६ मध्ये आली आहे. ती मोठ्या मॉनिटरवर सुंदर दिसते, १३६६ वर रुंदी खाते. कारखान्यात जुना मॉनिटर पडून असेल तर मालकांकडे मागा. या सगळ्या सेटिंगांपेक्षा त्याचा फायदा जास्त होईल, आणि वर्कस्पेस ३ कायम त्या मॉनिटरवर असं आय-थ्रीला एका ओळीत सांगता येतं.

चॅट कुठल्याच वर्कस्पेसवर ठेवू नका. त्याची विंडो वेगळी काढा आणि मॉड-शिफ्ट-वजा दाबा. ती स्क्रॅचपॅडमध्ये जाते, म्हणजे दिसेनाशी होते पण चालू असते. मॉड-वजा दाबलं की जिथे असाल तिथे मधोमध तरंगत वर येते, परत मॉड-वजा की गेली. जुन्या घरातल्या भिंतीतल्या कोनाड्यासारखं, हात घातला की वस्तू मिळते आणि खोलीत जागा अडत नाही. कॅल्क्युलेटरही मी तिथेच ठेवतो.

मराठी टायपिंग करत असाल तर एक अडचण येईल, आणि इंग्रजीतली मार्गदर्शकं ती आपल्या नजरेने समजावत नाहीत. कीबोर्ड लेआउट बदलून इनस्क्रिप्टवर गेलात की मॉड-डब्ल्यूसारख्या जोड्या बिघडू शकतात, कारण त्या कळीवर आता डब्ल्यू हे अक्षरच नसतं. आय-थ्रीत अशा वेळी बाइंडसिमऐवजी बाइंडकोड वापरायचं, म्हणजे अक्षराऐवजी कळीची जागा बांधली जाते. स्वे वापरत असाल तर बाइंडसिमलाच टू-कोड हा पर्याय जोडला की काम होतं. वर्कस्पेसची नावंही मराठीत ठेवता येतात, "3:जहाज" अशी, सुरुवातीचा आकडा मात्र इंग्रजीच ठेवा. त्यासाठी कॉन्फिगमधल्या फाँटच्या ओळीत आधी पँगो लिहून पुढे नोटो सॅन्स देवनागरीसारखा फाँट द्या, नाहीतर पट्टीवर अक्षरांऐवजी चौकोन दिसतील. वर्कस्पेसवर जायच्या आज्ञेत मात्र नंबर हा शब्द घाला, म्हणजे पुढे नाव बदललं तरी मॉड-३ चालतच राहील. माझ्या पट्टीवर सगळी नावं मराठीत आहेत, आणि ती बघून मला रोज बरं वाटतं.

स्वेकडे जावं का असंही कुणी ना कुणी सुचवेल. आय-थ्री २००९ चं, मिखाएल स्टापेलबर्ग यांचं, एक्स-इलेव्हन या लिनक्सच्या जुन्या ग्राफिक्स यंत्रणेवर चालणारं. स्वे ड्र्यू डीव्हॉल्ट यांनी वेलँड या नव्या यंत्रणेसाठी लिहिलं, १.० आवृत्ती २०१९ ची, आणि आय-थ्रीचं कॉन्फिग त्यात जवळजवळ जसंच्या तसं चालतं. आत्ता बदलू नका. एका वेळी एकच सवय.

उरली ती शंभर पाइलची पानं. यात सेटिंग कामाला येत नाही. मी माझी पानं एकदा बसून तपासली तेव्हा दिसलं की निम्म्याहून जास्त टॅब मी विसरायच्या भीतीने उघडे ठेवले होते. टॅब म्हणजे "हे करायचं राहिलंय" ही चिठ्ठी झाली होती, आणि त्यावर काय करायचं तेच लिहिलेलं नव्हतं. आता मी एक साधी टेक्स्ट फाइल ठेवतो. पानाचा पत्ता, आणि शेजारी एक ओळ: का ठेवलं, कुणाला कळवायचं, कधीपर्यंत. "हॅम्बर्गचा कंटेनर, कटऑफ शुक्रवार, फॉरवर्डरला फोन." ती ओळ लिहिली की टॅब बंद करताना हात थरथरत नाही. आणि ती ओळ लिहिता येत नसेल, तर ते पान ठेवायचं कारणच नाही.

एका ऑर्डरची पानं एकत्र जपायची असतील तर कंट्रोल-शिफ्ट-डी. त्या विंडोतले सगळे टॅब एका बुकमार्क फोल्डरमध्ये जातात, फोल्डरला ऑर्डरचा नंबर द्या आणि टॅब बंद करा. खरेदीदाराचा मेल आला की फोल्डरवर माउसचं मधलं बटण, सगळी पानं परत. रोज लागणाऱ्या बुकमार्कला एक छोटा कीवर्ड देता येतो. पत्त्याच्या पट्टीत "ईवे" लिहून एंटर केलं की ई-वे बिलाचं पान, इतकं सरळ.

सुरुवात रविवारी करा, कारखाना बंद असताना, दोन तास काढून. आधी सगळ्या ७ विंडोंवर कंट्रोल-शिफ्ट-डी मारून सगळं "जुनं" नावाच्या फोल्डरांत टाका, म्हणजे मनाला धीर राहील. मग सगळं बंद. सहा विंडो नव्याने उघडा, प्रत्येकीला नाव द्या, ग्राउंडची पानं पिन करा, सहा फॉर-विंडो नियम लिहा. कंट्रोल-क्यू करून एकदा बंद-चालू करून बघा, सगळ्या विंडो आपापल्या जागी येतात का. नाही आल्या तर बहुतेक वेळा नियमातलं नाव आणि एक्स्टेंशनमधलं नाव यांत एखाद्या जागेचा किंवा विसर्गासारख्या चिन्हाचा फरक असतो. टर्मिनलमध्ये एक्सप्रॉप ही आज्ञा देऊन विंडोवर क्लिक केलं की आय-थ्रीला नेमकं कुठलं शीर्षक दिसतंय ते कळतं. तिथे मराठी अक्षरांऐवजी आकडे दिसले तर नावं आधी इंग्रजीत ठेवून नियम चालतात का ते तपासा, मग मराठीत करा.

"जुनं" फोल्डर महिनाभर राहू द्या. त्यातून काय काय परत उघडावं लागलं ते त्या टेक्स्ट फाइलमध्ये लिहा आणि मला कळवा. मी माझ्या वेळी असं केलं तेव्हा नव्वदपैकी अकरा पानं परत लागली होती, आणि त्यातली सात एकाच फर्मच्या रिटर्नची होती, म्हणजे ती खरं तर ४ वर पिन व्हायला हवी होती. तुमची कुठली पानं परत येतात त्यावरून वर्कस्पेस २ आणि ३ ची वाटणी बरोबर झाली की नाही ते ठरवू. ऑर्डर आणि जहाज वेगळं ठेवणं हा माझा अंदाज आहे, तुमचं काम तुम्ही रोज करता. कदाचित खरेदीदारानुसार वाटणं तुम्हाला जास्त सोयीचं पडेल.